ऑइलचा दिवा आणि माझी अचूक सूचना

"ताई, गाडीत लाल दिवा लागलाय. किटलीचं चित्र हाय आणि तिच्या नळीतून थेंब पडतोय."

नंबर पांडूतात्यांचा होता, आवाज मात्र बाईचा. पांडूतात्या हे आमचे टोकावड्याचे कस्टमर. त्यांची सात सीटची सेकंडहँड डिझेल गाडी आमच्या वर्कशॉपला येते. म्हणजे गावातल्या तीन जणांनी हात टेकले की येते.

"कोण बोलतंय?"

"मी रोहिणी. तात्यांची लेक. तात्या चालवतायत."

"दिवा सारखा लागून आहे की लागतो-विझतो?"

"वळणावर लागतो. गाडी सरळ झाली का विझतो. पन आता जास्त वेळ राहायला लागलाय."

"कुठे आहात?"

"माळशेजला. घाट उतरतोय."

एवढं मला पुरे होतं. मी म्हणाले, "तात्यांना सांगा, इंजिन बंद करा. आत्ताच्या आत्ता. एक मिनिटसुद्धा चालू ठेवू नका."

मागून तात्यांचा आवाज आला. "काय म्हनते ती?"

"इंजिन बंद करा म्हनतात."

"बरं."

आणि फोन कट झाला. घाटात रेंज अशीच येते-जाते.

मला फार समाधान वाटलं. तात्यांनी माझं पहिल्या फटक्यात ऐकण्याची ती पहिलीच वेळ. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

मी शहापूरला हायवेलगत एका कार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे गाडी आणि तिचा मालक यांच्यामधली दुभाषी. गाडी खरं सांगते, पण तिला बोलता येत नाही. मालकाला बोलता येतं. शिक्षण बी.ई. मेकॅनिकल. आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, आणि आमच्या घरात माझ्याआधी बारावीच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही. आठही सेमिस्टर एकाही विषयात केटी न लागता पास झाले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रोज काउंटरवर कोणीतरी विचारतंच, "साहेब नाहीत का?" मी सांगते, "आहेत. बोला."

तर त्या लाल किटलीबद्दल.

निम्म्या लोकांना वाटतं की तो दिवा तेल संपल्याचा आहे. काहींना वाटतं डिझेल संपल्याचा आहे, ते पंपावर जाऊन टाकी फुल्ल करतात आणि तरी दिवा का जात नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात. तो दिवा प्रेशरचा आहे. इंजिनमध्ये लोखंडावर लोखंड फिरतं, आणि दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो म्हणून ते एकमेकांना खात नाही. हे तेल तळातून पंपाने वर चढतं. तेल कमी झालं, पंप बिघडला, कुठे काही तुंबलं, तर प्रेशर पडतं आणि दिवा लागतो. त्यानंतर इंजिनकडे फार वेळ नसतो. काही मिनिटं. कधी तेवढीही नाहीत. मग इंजिन 'बसतं', म्हणजे आतले भाग तापून एकमेकांना चिकटतात, आणि मालक आमच्या काउंटरवर येऊन म्हणतात, "चालता चालता अचानक बंद पडली हो." अचानक नसतं. दिव्याने सांगितलेलं असतं.

दिवा लागल्यावर लोक काय करतात याचा माझा बराच अभ्यास झालाय. एक जण गाडी आणखी पळवतो, म्हणजे गॅरेज लवकर येईल. एक जण फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकतो आणि वीस किलोमीटर उत्तरांची वाट बघत चालवत राहतो. मुरबाडच्या एका गुरुजींनी दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावलं होतं. दिवा लागला की बाप्पा मागून लाल दिसायचे. गुरुजींना ते शुभ वाटलं.

त्यामानाने पांडूतात्यांनी लगेच इंजिन बंद केलं. म्हणून मला त्यांचा अभिमान वाटला. जवळजवळ पाच मिनिटं वाटला.

ते प्रकरण सुरू झालं होतं आठ दिवस आधी. भाताची पोती आणायला तात्यांनी गाडी थेट खळ्यापर्यंत नेली होती. ही गाडी त्यासाठी नाही हे सांगून उपयोग नव्हता, कारण तात्यांच्या मते ज्याला चाकं आहेत ते खळ्यापर्यंत गेलंच पाहिजे. वाटेत बांधाचा दगड चेंबरला लागला. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं. त्याला चीर गेली आणि तेल ठिबकायला लागलं. गाडी आमच्याकडे आली ती थेट शनिवारी. मी ती लिफ्टवर घेतली, तात्यांना खाली नेऊन चीर दाखवली.

"तात्या, चेंबर बदलावं लागेल. पार्ट यायला दोन दिवस."

"दोन दिवस नाय जमत. सोमवारी लेकीला आनायचीय वरनं. आठवा लागलाय तिला. ओटी भरून आनायची."

रोहिणी घाटावर दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच.

"मग दुसरी गाडी करा."

"घरात गाडी असून भाड्याची करू? सोयरे काय म्हनतील?"

"सोयरे काय म्हणतील ते मला माहीत नाही. इंजिन काय म्हणेल ते सांगू शकते."

तात्या हसले. "म्याडम, एकवीस वर्सं मुरबाड-कल्यान जीप मारली मी. लग्नसराईत माळशेज पन. तुमी तवा शाळंत तरी जात व्हता का?"

"बालवाडीत होते."

"मंग."

या 'मंग'वर इंजिनिअरिंगच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. मी जॉब कार्डवर लिहिलं, 'चेंबर बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नाकारला.' जॉब कार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर. तात्यांनी खाली झोकात सही केली, किल्ली घेतली आणि गेले.

त्यामुळे त्या सोमवारी रोहिणीचा फोन आला तेव्हा मला काहीच विचारावं लागलं नाही. तेल गळून कमी झालेलं, उतारावर आणि वळणावर ते भांड्याच्या एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडी हवा येते, दिवा लागतो. सरळ रस्त्यावर तेल जाग्यावर येतं, दिवा विझतो. निदान अचूक. सूचना अचूक. मी काउंटरवरच्या गृहस्थांकडे वळले. त्यांची तक्रार होती की गाडी पूर्वीसारखी मजा देत नाही. मी ती लिहून घेत होते, तेवढ्यात परत फोन वाजला.

"ताई, इंजिन बंद केलं. पन ब्रेक लागंना. दगडासारका झालाय."

मी म्हणाले, "गाडी उभी असेल तर ब्रेक कडक लागणारच. काळजी करू नका."

"उभी नाय. चालतेय."

"चालतेय म्हणजे?"

"उतार हाय ना. तात्यांनी बंद करून सोडलीय."

मला ते समजायला वेळ लागला. जितका लागला तितका लागायला नको होता, कारण मी याच तालुक्यांत वाढलेय. आमच्याकडच्या जुन्या जीपवाल्यांची ही रीत. घाटमाथ्यावर आलं की किल्ली फिरवायची, इंजिन बंद, गिअर काढायचा, आणि गाडी पार पायथ्यापर्यंत नुसती घरंगळत सोडायची. डिझेल वाचतं. कोणी किती लांब न थांबता नेली याच्या गप्पा स्टँडवर चालतात. तात्यांच्या पिढीला 'इंजिन बंद कर' म्हणजे 'थांब' असं कधीच नव्हतं. इंजिन बंद आणि गाडी चालू, ही त्यांच्या लेखी ड्रायव्हिंगची सगळ्यात वरची पायरी.

त्यांच्या जुन्या जीपला ते चालून जायचं. तिचा ब्रेक मुळातच पायाच्या ताकदीवर लागायचा. आताच्या गाडीत तसं नसतं. ब्रेकला मागून जोर देणारा एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्याचा जोर इंजिन फिरण्यातून येतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या जोरावर दोन-तीनदा ब्रेक लागतो. मग पेडल म्हणजे भिंत. स्टिअरिंगही तसंच जड होतं. गाडीत आठव्या महिन्याची पोर, तिची आई, तिची आत्या आणि हातात जड स्टिअरिंग घेऊन तात्या. खाली माळशेज. आणि इंजिन बंद करायला सांगणारी मी, शहापूरला, पंख्याखाली.

"फोन स्पीकरवर टाका," मी म्हणाले. "तात्या, ऐकू येतंय?"

"येतंय. ब्रेक धरीना तुमचा."

"परत परत सोडून दाबू नका. दाबलाय तसाच दाबून धरा. किल्ली कुठे आहे?"

"जाग्यावर हाय."

"बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. किल्ली ऑन करा, मीटरमधले दिवे लागतात तिथपर्यंत. मग क्लच दाबून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा."

"क्लच सोडल्यावर इंजिन फिरंल ना."

"फिरू दे."

"त्याच्यात तेल नाय."

"माहीत आहे."

"म्याडम, आता तुमीच म्हनलात एक मिन्टसुदीक चालू ठेवू नका. आनि आता म्हनता फिरवा. एक काय ते ठरवा."

हे मला त्यांनी ऐकवायला हवंच होतं. त्याच क्षणी नव्हे, पण हवं होतं.

"तात्या, मघाशी मी चुकले. गाडी उभी करा आधी, असं सांगायला पाहिजे होतं. आता गिअर टाका. इंजिन गाडीला मागे ओढेल, ब्रेकला पण जोर येईल."

"आनि इंजिन बसलं तर?"

"बसू दे. माझ्या नावावर लिहा."

काउंटरवरचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. आमचे मॅनेजर सर केबिनच्या दारात आले. ते पुण्याहून बदलून आलेत. कोणाच्या नावावर काय लिहिलं जातंय याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

पलीकडे तात्या अजून विचारात. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ती तात्यांची मोठी बहीण, आक्का. "पांड्या, वळान आलं रे."

आणि रोहिणी, अगदी शांतपणे: "तात्या, इंजिन दुसरं भेटंल."

मग मला एक घरघर ऐकू आली, त्यावर मोठा हिसका, स्टीलचे डबे पडल्याचा आवाज, आक्कांनी कुठल्यातरी देवाला मारलेली हाक, आणि फोन कट.

मी लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' परत लावला. तेच.

मॅनेजर सर म्हणाले, "काय झालं?"

मी सांगितलं.

"तू त्यांना घाटात इंजिन बंद करायला सांगितलंस?"

"हो."

"मॅन्युअलमध्ये तसंच आहे ना?"

"मॅन्युअलमध्ये आधी 'सुरक्षित जागी थांबा' आहे. तेवढी ओळ मी खाल्ली."

सरांनी काउंटरवरच्या गृहस्थांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "कॉल रेकॉर्ड होत होता का?" त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच विचारलं असतं. तेव्हा मात्र मी रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फिरवला. ही रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत पाठवायची सेवा. फोन कुठल्यातरी लांबच्या शहरात लागतो.

"मॅडम, कस्टमर इस समय सुरक्षित स्थान पर हैं?"

"वही तो पता नहीं."

"नजदीकी लँडमार्क बताइए."

"माळशेज घाट."

"घाट के पास कोई मॉल, मल्टिप्लेक्स?"

"दरी है," मी म्हणाले. "बडी है. मिल जाएगी."

त्यांनी मला तक्रार क्रमांक दिला आणि त्यांची सेवा कशी वाटली याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं.

मी आमच्या जनूदादांना हाक मारली. जनूदादा वर्कशॉपचे सगळ्यात जुने टेक्निशियन, पोरं घाबरतात त्यांना. पाच लिटर ऑइल, जॅक, टोइंगचा रस्सा घेऊन आम्ही वर्कशॉपच्या गाडीने निघालो. किन्हवलीवरून मुरबाड, सरळगाव, टोकावडे. वाटेत मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. जनूदादांनी काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी उभी कर म्हनाली नाय का गो?"

"नाही."

"हं."

या हुंकारापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ सेमिस्टरमध्ये मला कोणी इतकं नापास केलं नव्हतं.

मुरबाड सोडलं आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी रोहिणी. कंडक्टरसाहेबांच्या फोनवरनं बोलते. आमी एसटीत हाय."

मी जनूदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मला उतरून जरा उभं राहायचं होतं.

रोहिणीने जे सांगितलं ते असं. तात्यांनी तिसरा टाकला, गाडीला गचका बसला, वेग उतरला. ब्रेकमध्ये थोडा जीव आला. मग तात्यांनी स्वतःच्या अकलेने दुसरा टाकला आणि हळूहळू हँडब्रेक ओढत गाडी एका रुंद जागेत घातली. पावसाळ्यात धबधब्याखाली नाचायला येणाऱ्यांनी गाड्या लावून लावून केलेली ती जागा. त्या मंडळींचा समाजाला झालेला एवढा एकच उपयोग मला माहीत आहे. गाडी उभी राहिली, चाकांतून धूर यायला लागला, सगळे उतरले.

पण आक्कांना तिथे थांबणं मंजूर नव्हतं. ओटी भरलेली लेक वाटेत उतरवायची नाही, दिवेलागणीच्या आत उंबऱ्याच्या आत घ्यायची. खरं म्हणजे सगळा घोळ इथूनच सुरू झाला होता. मी 'बंद करा' म्हटल्यावर तात्या गाडी उभी करणारही होते, पण आक्का म्हणाल्या, थांबायचं नाय. तात्यांकडे एकवीस वर्षांचा अनुभव होताच. म्याडम म्हणतात इंजिन बंद, आक्का म्हणते गाडी चालू. तात्यांनी दोघींचं ऐकलं. इतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नाही.

आता गाडीच उभी राहिल्यावर आक्का पदर खोचून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. वरून एसटी आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. त्याचा लागला. कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "म्हातारे, जीव नकोसा झालाय का?" आक्का म्हणाल्या, "माझा नंतर बघू. पोरीला जागा दे." पुढची सीट रिकामी झाली. ओटीचं सामान, पडलेले डबे, तिन्ही बायका एसटीत. तात्या गाडीपाशी.

"त्रास काही होतोय का तुम्हाला?" मी रोहिणीला विचारलं.

"नाय. बाळ हालतंय. मघापासनं जास्तच हालतंय, त्याला बहुतेक आवडलं."

टोकावड्यात उतरल्यावर आधी डॉक्टरकडे जा, असं मी तिला दोनदा सांगितलं. तिने सांगितलं की ती आधीच तेच करणार होती. मग तिने विचारलं, "ताई, तुमी मघाशी बोलताना घाबरलावता ना?"

"हो."

"मना वाटलंच. तात्या म्हनत होते, बाईला लय ज्ञान हाय. मी म्हनलं, बाई घाबरलीय."

आम्ही घाटात पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. तात्या कठड्यावर बसून बिडी ओढत होते. पुढच्या चाकांना जळका वास येत होता. डिस्क, म्हणजे ब्रेक ज्या लोखंडी चकतीला धरतो ती, निळी पडली होती. उताराचा मागून रेटा, समोर भिंतीसारखं पेडल, आणि तात्यांनी दोन्ही पायांनी उभं राहून दाबलेलं. असा ब्रेक दाबणारा माणूस साठीच्या पुढचा आहे यावर विश्वास बसत नव्हता.

"आलात?" तात्या म्हणाले. "बघा तुमचं इंजिन. तुमच्या नावावर लिव्हलंय."

जनूदादांनी डिपस्टिक काढली. डिपस्टिक म्हणजे तेल मोजायची पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे पाहिजे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टी पुसून, परत घालून बघायचं. एवढं सोपं आहे. आमच्या दहा कस्टमरपैकी नऊ जणांनी ती पट्टी कधी काढलेली नसते. दहाव्याने काढलेली असते, पण परत घातलेली नसते. तात्यांची पट्टी टोकाला जरा ओली होती.

जनूदादा गाडीखाली गेले आणि हसत बाहेर आले. हातात पांढरट, तेलकट गोळा.

"तात्या, हे काय?"

"साबन. कपड्याचा. चिरीत घासून बसवला. जीपच्या डिझेल टाकीला वर्सानुवर्सं टिकलाय."

"टाकी गार असते तात्या," मी म्हणाले. "चेंबरमधलं तेल तापतं. साबण विरघळला."

"पन जाताना वरपर्यंत टिकला का नाय?"

टिकला होता. हे नाकारता येत नव्हतं.

आम्ही तेल भरलं. चार लिटरच्या आसपास गेलं. चीर अजून गळत होतीच, पण दोन मिनिटांसाठी पुरेसं होतं. मी म्हणाले, "तात्या, किल्ली ऑन करा, स्टार्ट करू नका." लाल किटली लागली. ती तशी लागलीच पाहिजे. किल्ली ऑन केल्यावर दिवा लागला नाही, तर समजायचं की दिवाच मेलाय किंवा कोणीतरी वायर काढून ठेवलीय. "आता स्टार्ट करा." इंजिन चालू झालं. मी मनात आकडे मोजले. तीनवर दिवा विझला.

जनूदादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टरांचं असतं तसंच, फक्त पदवी नसते. कुठे खडखड नाही, ठोका नाही. मग त्यांनी हाताने खूण केली, बंद कर.

"काय?" तात्यांनी विचारलं.

"इंजिनाला काय नाय झालं," जनूदादा म्हणाले. "ठनठनीत हाय."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण तात्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून तो टिकला नाही.

"म्हंजे," तात्या सावकाश म्हणाले, "बंद करून सोडली म्हनून वाचलं."

"तात्या, तसं नाही. बंद केलं म्हणून वाचलं. सोडली म्हणून तुम्ही सगळे दरीत जाणार होतात."

"पन गेलो नाय."

"गिअर टाकला म्हणून नाही गेलात."

"त्ये पन तुमीच सांगितलं ना," तात्या मोठ्या मनाने म्हणाले. "तुमची पोर हुशार हाय हो," हे जनूदादांना. जनूदादांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला.

गाडी रस्सा लावून आणली नाही, कारण ब्रेक गेलेली गाडी रस्स्याने घाटातून आणणं म्हणजे मघाचाच कार्यक्रम दोन गाड्यांनी करणं. टोइंगची फ्लॅटबेड आली, तिच्यावर चढवून आणली. रोडसाइड असिस्टन्सवालीच आली ती. त्यांना मॉलशिवाय सापडलं, याचं मला कौतुक वाटलं. तात्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि घाट कसा उतरायचा ते त्याला टोकावड्यापर्यंत शिकवत गेले.

चेंबर बदललं, ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलले. मॅनेजर सरांनी मला रिपोर्ट लिहायला सांगितला. मी खरा लिहिला. 'गाडी थांबवण्याची सूचना देण्याचे माझ्याकडून राहिले.' सरांनी वाचून विचारलं, "हे असं लिहायचं गरजेचं आहे का? इंजिन तर वाचलं." मी म्हणाले, "सर, पुढचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर इकडचा नसेल, त्याला कळायला पाहिजे." त्यांनी सही केली. रोहिणीला पुढच्या महिन्यात मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी बघायला गेले तेव्हा आक्कांनी माझी पण ओटी भरली आणि लगेच निघायला सांगितलं, दिवेलागण व्हायच्या आत.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तात्या गावभर सांगत सुटले. टोकावडे, सरळगाव, मुरबाडचा स्टँड. आणि गोष्ट स्टँडवर पोचली की ती स्टँडची होते. महिन्याभरात वर्कशॉपला एक अनोळखी गृहस्थ आले. ते काउंटरवर हात टेकवून म्हणाले, "ऑइलचा दिवा लागला की उतारावर गाडी बंद करून सोडायची, असं सांगणाऱ्या म्याडम त्या तुमीच का?"

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि पाऊण तास समजावलं. त्यानंतर आलेल्या चौघांनाही. पाचव्याने मला मधेच थांबवून सांगितलं, "पन म्याडम, पांडूतात्याचं इंजिन वाचलं ना?" पदवीच्या अभ्यासात या प्रश्नाची सोय नाही, हे मी आधीच सांगितलंय.

धडा काय, तर दिवा लागल्यावर काय करायचं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुठल्या क्रमाने ते माहीत नसतं. मला पदवी असून माहीत नव्हतं. हळू व्हा, कडेला घ्या, गाडी पूर्ण उभी करा, हँडब्रेक लावा. मग इंजिन बंद. मग पट्टी बघा. कमी असेल तर योग्य ग्रेडचं तेल घाला, चालू करून बघा. दिवा विझला तरी तेल गेलं कुठे हे बघायला गाडी वर्कशॉपला दाखवा. पट्टीवर तेल बरोबर आहे आणि तरी दिवा विझत नाही, तर चालवायचीच नाही. उचलून आणायची.

आता कोणाचाही फोन आला, ब्रेकचा असो, ऑइलचा असो, एसीचा असो, मी कोण बोलतंय हेसुद्धा विचारत नाही. पहिला प्रश्न एकच: "गाडी उभी आहे का?" नवीन पोरं हसतात. मॅनेजर सरही हसले होते. म्हणाले, "अगं, चालत्या गाडीतून एसीची तक्रार करायला कोण फोन करेल?"

मी त्यांना दिवसभर माझ्या शेजारी बसायला सांगितलं. त्या दिवशी अकरा फोन आले. सात जण म्हणाले, "एक मिनिट हां म्याडम, करतो उभी."